माझी करकर आणि चिंचोक्यांची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी नवारीची खाट आहे. दिवसभर मी भिंतीला टेकून उभी असते. आलं-गेलं कुणी विचारतं, "का हो, मोडली काय?" मोडलेली नाही. दमलेली आहे. आणि दमलेल्याला जरा बाजूला उभं राहू दिलं, तर तो काही अपमान नसतो, हे मला फार उशिरा कळलं. तेच तुम्हाला सांगणार आहे.

माझा सांगाडा साताऱ्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात तयार झाला. लोखंडी पाइप, चार पाय, वर हिरवा रंग. मग केरबा नावाच्या म्हाताऱ्यानं माझ्यावर नवार विणली. नवार म्हणजे जाड सुताची, चार बोटं रुंद पट्टी. केरबा ती पायाच्या अंगठ्यात धरून ताणायचा आणि एकावर एक, वरून-खालून घालत जायचा. विणताना तो आपल्याशीच बोलायचा, "सैल सोडली तर माणूस खड्ड्यात झोपतो, आन् लय ताणली तर फळीवर. अंगाला मानवंल एवढीच ताणायची."

मला घरी आणलं ते मानसिंगच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात. मानसिंगला मी एकेरी बोलते. आज तो आजोबा आहे, पण मी त्याला मिसरूड जाड नव्हतं तेव्हापासून ओळखते, म्हणून तेवढं चालवून घ्या.

मानसिंग फौजेत ट्रक चालवायचा. वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचा आणि पाठ टेकली की पाचव्या श्वासाला घोरायला लागायचा. सकाळी उठून म्हणायचा, "शालू, बर्फात ऱ्हायलो, वाळवंटात ऱ्हायलो, पर असली झोप कुठं न्हाई." मी फुलून जायचे. मित्रांनो, एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. झोपलेला माणूस आम्हा खाटांना हलका वाटतो. त्याचं वजन सगळ्या पट्ट्यांवर सारखं पसरतं. जागा माणूस मात्र कधी कोपरावर, कधी टाचेवर, कधी एकाच कुशीवर सगळा भार घालतो. तो फार जड होतो.

उरलेले दहा महिने त्याची पत्रं यायची. त्याची बायको शालूबाई माझ्या कडेवर बसून, अक्षराखाली बोट धरून वाचायची. "मी येथे खुशाल आहे." प्रत्येक पत्रात हेच. एका वर्षी तो सुट्टीवर आला तेव्हा त्याचा डावा हात कोपरात नीट वळत नव्हता. ट्रक घसरून हात मोडला होता, तीन महिने प्लास्टरमध्ये होता. त्या तीन महिन्यांतल्या पत्रांतही "खुशाल"च होतं. शालूबाईनं ती पत्रं काढून पुन्हा वाचली आणि ट्रंकेत ठेवून दिली.

बावीस वर्षांनी तो हवालदार होऊन घरी आला. पिवळी व्हॅन घेतली आणि गावातली मुलं साताऱ्याच्या शाळेत नेऊ-आणू लागला. ती माझी सुखाची वर्षं. त्याचा मुलगा विश्वजीत पुण्याला नोकरीला लागला, सून रेश्मा आली ती आमच्याबरोबर गावातच राहिली, नात झाली. नातीचं नाव प्रियदर्शनी, पण सगळे तिला पियू म्हणतात. पियू माझ्यावर उड्या मारायची. माझा पायथ्याकडचा एक सांधा तेव्हाच ढिला झाला, आणि कुणी कूस बदलली की मी 'करर' करायला लागले.

तीन वर्षांपूर्वी शालूबाईचं पोटाचं ऑपरेशन झालं. मानसिंग दवाखान्यात सहा रात्री लोखंडी खुर्चीवर बसून होता. घरी आल्यावर महिनाभर ती माझ्यावर झोपली आणि तो खाली, तिचा श्वास ऐकत. शालूबाई बरी झाली, चुलीपाशी गेली, आपली गादी पुन्हा खाली घालून झोपू लागली. मानसिंग माझ्याकडे परत आला. झोप मात्र काही त्याच्याबरोबर परत आली नाही.

मग त्यानं काय करावं? राहिलेली झोप भरून काढायला तो रात्री आठलाच आडवा होऊ लागला. दुपारी दोन्ही फेऱ्यांच्या मध्ये पुन्हा आडवा. झोप येईना म्हणून मोबाइल, मोबाइलनं डोळे दुखले म्हणून चहा. जेवणाचं ताटही माझ्यावरच. मला सुरुवातीला वाटलं, किती जीव लावतो हा मला! पण तो माझ्यावर असायचा अकरा तास आणि झोपायचा जेमतेम पाच. उरलेला सगळा वेळ कोपर, टाच, कूस. माझी नवार मधोमध खचली. मी थकले. तोही थकला. घरातली भांडी वाजली तरी त्याला राग यायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी शाळेतून येताना त्याचा डोळा लागला. व्हॅन रस्ता सोडून खडीच्या ढिगावर चढली आणि थांबली. आत सात मुलं होती. सगळी वाचली. पियूचा वरचा ओठ फाटला, तीन टाके पडले. पालक जे बोलायचं ते बोलले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. त्याच संध्याकाळी मानसिंगनं व्हॅनची किल्ली समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. मुलांना गावातला जोतीराम त्याच्या गाडीतून नेऊ लागला. "झोप येईस्तवर हात लावणार न्हाई," मानसिंग म्हणाला. मग माझ्यावर आडवा होऊन तो रात्रभर त्या किल्लीकडे बघत राहिला.

रेश्मा त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी रक्तदाब तपासला, घोरण्याचं विचारलं, रक्त तपासलं आणि सांगितलं, रोजच्या गोळीपेक्षा आधी सवयींवर उपचार करून बघा. तो आता मोबाइलवरूनही होतो. सांगलीच्या एक स्वप्ना मॅडम मराठीतून शिकवतात.

मानसिंग हसला. "मोबाइलनं झोप घालवली, आता मोबाइलच आणून देणार व्हय?"

पण किल्ली खिळ्यावर होती आणि जूनमध्ये शाळा उघडणार होती. पियू रोज विचारायची, "आबा, दुसरीत मला तुम्हीच नेणार ना? जोतीरामकाका गोष्ट सांगत नाहीत, नुसती गाणी लावतात." म्हणून तो तयार झाला.

एप्रिलमध्ये पहिला कॉल झाला. रेश्मानं मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. स्वप्ना मॅडम दिसल्या. वयानं रेश्माएवढ्याच. अपघाताचं, किल्लीचं सगळं रेश्मानं त्यांना आधीच कळवलं होतं. नमस्कार झाला आणि त्यांनी विचारलं, "काका, बसलात कशावर?"

"खाटंवर. का वो?"

"मग पहिला धडा आत्ताच. उठा."

फौजी माणूस. हुकूम ऐकल्यासारखा ताडकन उभा राहिला. शालूबाई पदराआड हसली.

"खाट फक्त झोपायला," मॅडम म्हणाल्या. "जेवण नाही, मोबाइल नाही, किल्लीकडे बघत विचार करणं नाही. डोळे जड झाले तरच आडवं व्हायचं. घड्याळ बघू नका, पण वीसेक मिनिटं गेली असं वाटलं आणि झोप नाही, तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. परत डोळे जड झाले की यायचं."

"आन् परत न्हाई लागली तर?"

"परत उठायचं."

"मॅडम, ही झोप हाय का कवायत?"

"कवायतच म्हणा. तुमच्या अंगानं शिकून घेतलंय, की खाट म्हणजे जागं राहायची जागा. ते त्याला विसरायला लावायचंय."

खाट म्हणजे जागं राहायची जागा! मित्रांनो, मला ते फार लागलं. पस्तीस वर्षं ज्याला पाठीवर घेतलं, त्याच्या दुखण्याचं कारण मीच?

दुसऱ्या दिवसापासून त्यानं मला सकाळी उभं करून भिंतीला लावायला सुरुवात केली. दुपारी नकळत आडवं होणं नको म्हणून. शालूबाईला ते पटेना. "आवं, घरात समदी धडधाकट असताना खाट उभी करत न्हाईत. कुणी बघितलं तर काय म्हंतील?"

"म्हणावं, आमची झोप वारली. तेराव्याला या."

"जीभ आवरा जरा!" असं म्हणून तिनं पोळपाट आपटला. आतून रेश्माच्या हसण्याचा आवाज आला.

रोज सकाळी मोबाइलवर एक डायरी भरायची होती. कधी आडवे झालात, झोप अंदाजे कधी लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलात. पहिल्या आठवड्यात त्यानं खरं भरलं. ते बघून मॅडमनी वेळ बांधून दिली. रात्री बारा ते सकाळी साडेपाच. त्याआधी आडवं व्हायचं नाही, त्यानंतर लोळायचं नाही.

"मॅडम, आदीच झोप न्हाई, त्यात तुमी राशन लावलं!"

"भूक लागू द्या काका. झोपेचीही भूक असते. आणि या आठवड्यांत दिवसा पेंग येईल, तेव्हा गाडीला हात लावायचा नाही."

"मग गाडी कवा?"

"आडवे असता त्यातला बहुतेक वेळ झोपेत जातोय, असं डायरीत सलग दोन-तीन आठवडे दिसू दे. दिवसा पेंग यायची थांबू दे. मग बोलू."

इथंच चूक झाली. मॅडमनी सांगितलेलं बरोबर होतं, पण मानसिंगनं त्यातलं 'डायरीत दिसू दे' एवढंच ऐकलं.

तिसऱ्या आठवड्यात, चहाचा कप हातात घेऊन तो खुर्चीवर बसला होता. त्याचा अंगठा मोबाइलवर थांबला. मग त्यानं भरलं. झोप लागली, बारा. जाग, शून्य. उठलो, साडेपाच. आदल्या रात्री तो पहाटेपर्यंत माझ्यावर जागा होता, हे फक्त मला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मॅडमनी डायरी बघितली. "छान काका! अर्धा तास वाढवू." आणखी एक आठवडा तसाच गेला. "अजून पाव तास वाढवू." खोट्या झोपेवर खऱ्या रात्री लांबत गेल्या. आता तो उठून बाहेरही जात नव्हता. उठला असता तर शालूबाईला कळलं असतं. तो पहाऱ्यावर दडून बसल्यासारखा ताठ पडून राहायचा, पण किती वेळ? कोपर दुखायचं, टाच रुतायची, कूस बदलायची आणि मी 'करर' करायचे. मला माझीच लाज वाटायची. आणि दर वेळी खालून, शालूबाईच्या गादीपाशी, 'टक्' असा बारीक आवाज यायचा. मी म्हणायचे, पाल असेल.

पाचवा कॉल दुपारी झाला. मॅडम म्हणाल्या, "काका, डायरी फारच सुंदर आहे. दिवसा पेंग वगैरे?"

"सब ठीक, मॅडम."

"मग पुढच्या आठवड्यात गाडीचं—"

तेवढ्यात शालूबाई स्वयंपाकघरातून आली. ओला हात पदराला पुसला आणि मोबाइलसमोर स्टीलची वाटी ठेवली.

"मॅडम, मला त्ये मोबाइलमधलं भरता येत न्हाई. मी माजं आसं भरलंय."

"काय आहे ते, मावशी?"

"चिंचोकं. रातीला खाट करकरली की एक टाकायचा. हे निस्तं कालच्या रातीचं."

"शालू, अगं—"

"तुमी थांबा. पियू, मोज गं."

पियू जमिनीवर बसली आणि एकेक चिंचोका ओळीनं मांडू लागली. "सदतीस," ती म्हणाली.

शालूबाई खाली बघूनच बोलली. "आवं, बावीस वरसं तुमची खुशाली वाचली मी. हात मोडला तवाबी खुशाल. तवा तुमी लांब हुता, मला काय कळणार हुतं? आता एका छपराखाली ऱ्हाऊन बी खुशालच लिवणार? पोरीच्या ओठाकडं बगा एकदा. तुमच्या गाडीत उद्या सात पोरं बसायची हायेत."

मानसिंगनं पियूकडे बघितलं. तिच्या ओठावर टाक्यांची पांढरी रेघ होती. त्यानं ओळीतला एक चिंचोका उचलला आणि बराच वेळ बोटांत फिरवला. मग हळूच म्हणाला, "सदतीस... म्हंजे तूबी जागीच हुतीस?"

"मग काय चिंचोकं आपसूक पडत्यात?"

तो फौजी माणूस माझ्या उभ्या पायाशी मटकन खाली बसला. आपण तिची झोप राखतोय असं त्याला वाटत होतं.

मॅडम म्हणाल्या, "काका, मी रागावले नाहीये. आकडे जरा जास्तच सरळ होते, मी आधीच विचारायला हवं होतं. खोट्या डायरीवर मी तुमची वेळ वाढवत गेले, त्यानं तुमचंच नुकसान झालं. या डायरीत चुकीचं उत्तर नसतं. 'झोप नाही' हेही उत्तरच आहे."

"सवय हाय, मॅडम. फौजेत पहाऱ्याच्या पोस्टवर दर तासाला फोन यायचा. काय बी असू दे, बोलायचं एकच, सब ठीक."

"मी वरिष्ठ अधिकारी नाही काका. परत बारा ते साडेपाच. आणि मावशी, तुमचं मोजायचं काम संपलं. तुम्ही झोपा."

"बघू," शालूबाई म्हणाली आणि वाटी पुन्हा उशाशी नेऊन ठेवली.

त्यानंतरचे आठवडे कठीण होते. झोप आली नाही की मानसिंग उठायचा, बाहेरच्या खोलीत मंद दिवा लावायचा आणि खुर्चीवर बसून कापसाच्या वाती वळायचा. डोक्याला ताण नाही असं काहीतरी करा, असं मॅडमनी सांगितलं होतं, आणि हे काम शालूबाईनं सुचवलं होतं. मिशा पिळणारे ते हात वाती वळताना बघून रेश्मा म्हणाली, "मामा, आपल्या देवाला वर्षभर पुरतील एवढ्या झाल्या. आता शेजाऱ्यांच्या देवांना द्यायला लागतील." दिवसा पेंग आली की तो अंगणात फेऱ्या मारायचा. 'आज न्हाई झोपलो तर उद्या समदं संपलं' असं वाटलं की ते वहीत लिहायचं आणि खाली लिहायचं, 'याआधी कितींदा न्हाई झोपलो? संपलं का समदं?' हाही मॅडमचाच धडा.

आणि मी? मध्यरात्री मी रिकामी असायचे. पहिल्यांदा मला टाकून दिल्यासारखं वाटलं. मग माझ्या पट्ट्या निवल्या. कित्येक महिन्यांत त्यांना असा विसावा मिळाला नव्हता. आणि एका रात्री तो बाहेरून परत आला, माझ्यावर आडवा झाला, आणि त्याचं वजन हळूहळू सगळ्या पट्ट्यांवर सारखं पसरत गेलं. मित्रांनो, मी तो भार ओळखला. पस्तीस वर्षांपूर्वीचा, सुट्टीवर आलेल्या पोराचा तो भार होता. मी श्वास घेत असते, तर तेव्हा रोखून धरला असता.

असं रोज झालं नाही. शाळा उघडायच्या आदल्या रात्री तर तो तीन वेळा उठून वाती वळायला गेला. सकाळी पियू गणवेश घालून किल्लीखाली उभी. मागचे दहा दिवस बरे गेले होते. एक दिवस बरं लिहून किल्ली काढली असती, तर कुणाला कळलं असतं? शालूबाई दारात उभी होती, पण वाटीकडे बोट दाखवायला ती पुढे आली नाही. मानसिंगनं मोबाइल घेतला आणि मोठ्यानं वाचत भरलं, "झोप तीन तास. जाग तीन वेळा. दिवसा पेंग, हाय."

मग त्यानं जोतीरामला फोन लावला. "जोतीराम, गड्या, आजबी पोरं तूच घे. आमची पियूबी... न्हाई रं, तब्येत चांगली हाय. झोप झाली न्हाई, म्हणून." फौजेतून आल्यापासून एवढं सरळ वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पियू रडली. तो तिचा हात धरून कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि म्हणे वाटेत एक गोष्ट सांगितली.

तीन आठवड्यांनी मॅडमनी सगळी डायरी बघितली, चांगले दिवस आणि वाईटही. रेश्मालाही विचारलं, शालूबाईलाही विचारलं. डॉक्टरांशी बोलल्या. मग म्हणाल्या, "काका, आता चालवा. ज्या दिवशी झोप कमी, त्या दिवशी जोतीरामना फोन."

त्या रविवारी मानसिंगनं माझी नवार सोडून पुन्हा ताणली. केरबा आता नाही. रेश्मानं एक टोक धरलं आणि त्यानं पायाच्या अंगठ्यानं पट्टी ओढली, अगदी केरबासारखी. मग तो ढिल्या सांध्यात तेल घालायला गेला, तर शालूबाई म्हणाली, "ती करकर ऱ्हाऊ द्या. एवढ्या घरात ती एकलीच खरं बोलत हुती." म्हणून मी अजून करकरते.

मित्रांनो, माझं मागणं फार थोडं आहे. तुमच्या घरच्या खाटेवर ताट, मोबाइल आणि उद्याची भीती घेऊन जाऊ नका. तिला दिवसा जरा उभी राहू द्या. झोप येत नसेल तर तिच्यावर तळमळत पडू नका. उठा, बसा आणि पुन्हा या. ती तुमच्यावर रुसणार नाही. घरातलं मोठं माणूस महिनोन्महिने झोपत नसेल, तर त्याला डॉक्टरांपर्यंत न्या. आणि तुम्हाला कुणी विचारलं, "झोप लागली का रे?" तर खुशालीचं पत्र लिहू नका. जे असेल ते सांगा. तुमच्या खाली कुणीतरी वाटी घेऊन जागं असू शकतं.

किल्ली खिळ्यावरून निघाली, त्याच्या आदल्या रात्रीचं एवढं सांगते आणि थांबते. त्या रात्री मानसिंगनं झोपेतच दोनदा कूस बदलली, आणि दोन्ही वेळा मी चांगली मोठ्यानं करकरले. सकाळी उजाडल्यावर पियूनं शालूबाईच्या उशाची वाटी उचलून बघितली.

वाटी रिकामी होती.